भिंतीवर बसलेला डास

बालमित्रांनो, नाशिकहून आग्रा रस्त्याने धुळ्याच्या दिशेने निघालात, की ओझर मागे पडल्यावर थोड्याच वेळात पिंपळगाव बसवंत लागते. निफाड तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव. हंगामात इथे टोमॅटोच्या जाळ्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते, कांद्याचे ढीग पडतात आणि आजूबाजूला नजर जाईल तिथे द्राक्षांचे मांडव दिसतात. कडवा नदी, तिच्यावरचे पालखेड धरण, धरणातून निघालेले कालवे, पाटचाऱ्या, विहिरी आणि आता शेततळी. पाणी आले म्हणून हा मुलूख हिरवा झाला.

पण पाण्याबरोबर आणखी कोण येते, ठाऊक आहे? डास!

या गावातल्या किंवा तुमच्या स्वतःच्या गावातल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना विचारून पाहा, "आजोबा, तुमच्या लहानपणी घरात फवारणीवाले येत होते का?" आजोबा बहुधा हसतील आणि सांगतील, की खाकी कपड्यातली माणसे बादली आणि पंप घेऊन येत. घरातली भांडीकुंडी, अंथरुणे अंगणात काढायला लावत आणि भिंतींवर पांढरे पाणी फवारून जात. मग दारालगतच्या भिंतीवर रंगाने एक चौकट छापून तिच्यात तारीख लिहीत. पांढऱ्या भुकटीचा तो वास आजींनाही आठवत असेल.

ही माणसे होती सरकारच्या आरोग्य खात्याची. गावच्या तळ्यातला किंवा ओढ्यातला डास सोडून ती घराच्या भिंतींच्या मागे का लागली होती? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात एक सुंदर विज्ञान दडलेले आहे. आज आपण तेच पाहू.

थंडी वाजून येणारा ताप

हिवताप म्हणजेच मलेरिया. आधी हुडहुडी भरते. दोन-दोन घोंगड्या पांघरल्या तरी थंडी जात नाही. मग अंग भट्टीसारखे तापते आणि शेवटी दरदरून घाम फुटून ताप उतरतो. रोगी म्हणतो, "सुटलो बुवा!" पण एक दिवस गेला, की पुन्हा तेच. म्हणून लोक याला एकांतरा ताप म्हणत.

ताप असा ठरल्या वेळी का येतो? हिवतापाचे जंतू आपल्या तांबड्या रक्तपेशींत शिरून वाढतात. पुरेसे वाढले, की सगळ्या पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटतात आणि जंतूंची नवी फौज रक्तात येते. त्याच वेळी थंडी वाजते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जातीत हे चक्र ४८ तासांचे असते.

हे जंतू माणसाच्या अंगात येतात कुठून? २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने एका डासाचे पोट सूक्ष्मदर्शकाखाली उघडले आणि त्याला हिवतापाचे जंतू तिथे वाढताना दिसले. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्याने जंतूचा डासातला सारा प्रवास उलगडला. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून गुन्हेगार नक्की झाला : ॲनॉफेलीस डासाची मादी. नर बिचारा फुलांच्या मधावर राहतो!

शहराला उपाय, खेड्याला काय?

आता तुम्ही म्हणाल, डास सापडला म्हणजे काम झाले. डास मारले की संपले! पण मारायचे कसे?

त्या काळी एकच वाट माहीत होती. डास पाण्यात अंडी घालतो, तेव्हा पाणीच हाताळायचे. डबकी बुजवायची, साचलेल्या पाण्यावर रॉकेलचा पातळ थर द्यायचा म्हणजे अळ्या गुदमरतात, किंवा पॅरिस ग्रीन नावाची विषारी भुकटी टाकायची. मुंबई शहरात विहिरी आणि टाक्यांत वाढणारा डास हिवताप पसरवतो, असे १९११ साली डॉ. बेंटली यांनी दाखवून दिले. मग विहिरी झाकणे, बुजवणे सुरू झाले. मुंबईसारख्या शहराला हे जमले, कारण तिथे विहिरी मोजता येतात, महापालिका असते, पैसा असतो.

पण खेड्याचे काय? पावसाळा संपताना नदीच्या पात्रात शेकडो डबकी राहतात. कालव्याच्या कडेने पाझर फुटतो. बैलाच्या खुराच्या खोलगट ठशात साठलेले ओंजळभर पाणीसुद्धा अळ्यांना पुरते. दख्खनच्या पठारावरचा मुख्य गुन्हेगार, ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस, याला असले स्वच्छ, उन्हातले पाणी फार आवडते. अशा हजारो जागांवर दर आठवड्याला रॉकेल कोण टाकणार? आणि खेड्यात तर देशातली बहुतेक माणसे राहत होती!

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताची लोकसंख्या सुमारे ३४ कोटी होती. सरकारी अंदाजाप्रमाणे दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख माणसे त्याने दगावत. म्हणजे दर पाच माणसांमागे एक जण आजारी! ताप यायचा तोही पेरणी-काढणीच्या दिवसांत. शेतकरी अंथरुणाला खिळला, की पीक शेतातच राहायचे आणि मागून उपासमार यायची.

नवी भुकटी

१९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्युलर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकाच्या शोधात होता. त्याने एक जुनेच रसायन तपासले. १८७४ साली ते प्रथम तयार झाले होते, पण त्याचा उपयोग कोणालाच कळला नव्हता. त्याचे लांबलचक नाव डायक्लोरो-डायफेनिल-ट्रायक्लोरोइथेन, आणि लाडके नाव डीडीटी! म्युलरला एक विलक्षण गोष्ट आढळली. काचेच्या भांड्याला डीडीटी लावले, तर भांडे पुसल्यानंतरही त्यात सोडलेल्या माश्या मरत. कीटकाने ते खायला नको, हुंगायला नको. त्याचे पाय त्यावर टेकले तरी पुरे! आणि हा परिणाम कित्येक आठवडे टिकत असे. म्युलरला १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात डीडीटी फक्त सैन्याला मिळे. युद्ध संपत आले तशी ती भुकटी नागरी कामासाठी मिळू लागली. त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ही संधी लगेच उचलली. खात्याच्या संचालकांची कचेरी पुण्यात होती आणि हिवतापाचे काम डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्याकडे होते. त्यांच्याबरोबर टी. रामचंद्र राव हे कीटकशास्त्रज्ञ होते. पुढे तेच राव पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले.

१९४५-४६ च्या सुमारास या मंडळींनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांतल्या खेड्यांत काम सुरू केले. हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि हिवतापासाठी कुप्रसिद्ध होते. त्यांनी डबकी सोडली आणि भिंती धरल्या.

भिंतच का?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

डासाची मादी रात्री रक्त पिते. पोटात स्वतःच्या वजनाइतके रक्त भरल्यावर ती लांब उडू शकत नाही. ती जवळच्या भिंतीवर जाऊन बसते आणि रक्त पचेपर्यंत, अंडी तयार होईपर्यंत तिथेच विसावते. दोन-तीन दिवसांनी पाण्यावर अंडी घालते आणि पुन्हा रक्तासाठी घरात येते. म्हणजे अंडी घालायला तिला हजार जागा आहेत, पण विसाव्याची जागा ठरलेली : घर आणि गोठा!

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हिवतापाच्या रोग्याला चावल्याबरोबर डास धोकादायक होत नाही. जंतूला डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस डास जगला, तरच तो रोग पसरवील. म्हातारा डास तेवढा घातक!

कागद-पेन्सिल घ्या आणि एक गणित करा. समजा, १०० डास रोग्याला चावले आणि जंतू तयार व्हायला १२ दिवस लागतात. रोज १०० पैकी ९० डास जगतात असे धरा. तर १२ दिवसांनी किती उरतील? ०.९ ला ०.९ ने गुणत बारा वेळा घ्या. उत्तर येते ०.२८. म्हणजे २८ डास रोग पसरवायला तयार!

आता भिंतीवर डीडीटी मारले आणि रोज १०० पैकी ७०च डास जगू लागले. मग १२ दिवसांनी उरतील फक्त एक किंवा दोन. आणि रोज निम्मेच जगले तर? दहा हजार डासांमागे जेमतेम दोन!

पाहिलेत? गावातले सारे डास मारायची गरजच नाही. त्यांचे आयुष्य थोडे कमी केले तरी पुरते. डासांची संख्या शून्यावर न आणताही हिवताप थांबेल, असे रॉसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले होते. डासाच्या आयुष्याचे हे गणित पुढे १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञाने नीट मांडून दाखवले. मात्र कारवार-धारवाडच्या खेड्यांत ते भिंतीवर आधीच सोडवले जात होते.

आधी मोजा, मग फवारा

फवारणी करायची तर रोग कमी झाला की नाही, हे कळणार कसे? ताप तर अनेक कारणांनी येतो. यासाठी डॉक्टरांनी एक साधी युक्ती वापरली. वारंवार हिवताप आला, की पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढते. मग दोन ते दहा वर्षांच्या मुलांना ओळीने निजवायचे, बरगडीखाली हात लावून पाहायचे आणि शंभरांत किती मुलांची पाणथरी हाताला लागते ते लिहायचे. कुठलेही यंत्र नको! शिवाय बोटाच्या थेंबभर रक्ताची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे. पहाटे झोपड्यांत शिरून, काचेच्या नळीने भिंतीवरचे डास ओढून मोजायचे. फवारणीनंतर पुन्हा हेच सगळे करायचे.

कारवार-धारवाडचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले आणि ते फार आशादायक होते. मग हे काम इलाख्याच्या इतर हिवतापग्रस्त भागांत वाढवत नेले गेले. एप्रिल १९५३ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा मुंबई राज्याचा हा अनुभव देशाच्या उपयोगी पडला. दरवर्षी दोन फेऱ्या, दर फेरीला एका चौरस मीटर भिंतीवर एक ग्रॅम डीडीटी. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभरच! परदेशातून किती आणणार, म्हणून १९५४ साली हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि दिल्लीत डीडीटीचा कारखाना उभा राहिला.

पंप, बादली आणि लिंपण

कागदावर सोपे वाटते, पण गावात गेल्यावर?

डीडीटी पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याची भिजणारी भुकटी पाण्यात कालवून सारखी ढवळत राहावी लागे, नाहीतर ती तळाशी बसे. एक माणूस बादलीतला पंप मारी आणि दुसरा नळीचे तोंड भिंतीपासून हातभर अंतरावर धरून वरून खाली, खालून वर पट्टे ओढी. एकही कोपरा सुटता कामा नये.

पण लोक म्हणत, "देवघरात नको." "कणगीजवळ नको, धान्य आहे." "चुलीपाशी तर मुळीच नको." आणि गोठा? गोठ्यात कशाला, असे अनेकांना वाटे. खरे तर क्युलिसिफेसीस डासाला माणसापेक्षा गुराढोरांचे रक्त अधिक आवडते. म्हणून गोठ्याची भिंत सोडणे म्हणजे डासाला राखीव जागाच देणे!

आणखी एक अडचण तर कोणाच्या ध्यानीमनीही येणार नाही. आपल्या आयाबाया सणाआधी घर सारवतात, भिंती लिंपतात, चुना देतात. दिवाळी तोंडावर आली, की शेणामातीचा एक हात भिंतीवर फिरे आणि त्याखाली डीडीटी गडप! डास बसणार तो नव्या लिंपणावर, मजेत. मातीच्या भिंती तर मुळातच औषध शोषून घेतात. म्हणून फवारणीच्या तारखा डासांच्या हंगामाप्रमाणे आखाव्या लागत, आणि "बाई, एवढे दिवस भिंत सारवू नका," अशी विनवणीही करावी लागे.

सुरुवातीला मात्र लोक खूश होते, आणि तेही डासांमुळे नव्हे, ढेकणांमुळे! डीडीटीने घरातले ढेकूण मरत आणि सुखाची झोप लागे. पण काही वर्षांनी ढेकूण मरेनासे झाले. मग लोकच म्हणू लागले, "तुमच्या औषधात आता दम नाही. येऊ नका." ढेकूण का मरेनात, ते पुढे पाहू; तोच धोक्याचा पहिला इशारा होता.

दाराशी येणारा माणूस

१९५८ साली कार्यक्रमाचे नाव बदलले. 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मले, तेव्हा हे काम जोरात चालू होते. फवारणीने रोग कमी झाला, की उरलेले रोगी हुडकायचे होते. त्यासाठी साधारण दहा हजार वस्तीमागे एक कर्मचारी नेमला. तो दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जाई आणि विचारी, "कोणाला ताप आहे का? येऊन गेला का? पाहुणा आला आहे का?" ताप असेल त्याच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर घेई आणि तिथेच क्लोरोक्वीनच्या गोळ्या देई. मग भिंतीवरच्या चौकटीत तारीख लिहून पुढच्या घरी. साहेब तपासणीला आले, की भिंतच साक्ष देई!

ऊन असो, पाऊस असो, सायकल ढकलत हिंडणाऱ्या या माणसांचे नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण त्यांच्या पायपिटीचे फळ पाहा : १९६५ साली देशात हिवतापाचे रोगी उरले सुमारे १ लाख, आणि मृत्यूची नोंद एकही नाही! कुठे साडेसात कोटी आणि कुठे एक लाख!

मग घोडे अडले कुठे?

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा ६४ लाखांच्या वर गेली. असे का झाले?

पहिले कारण ढेकणांनी आधीच सांगितले होते. लाखो डासांत एखाद-दुसरा डास जन्मतःच असा असतो, की त्याच्यावर डीडीटीचा परिणाम कमी होतो. बाकीचे मरतात, तो जगतो, त्याची पिल्ले जगतात. पिढ्यांमागून पिढ्या हेच झाले, की सगळा कळपच औषधाला दाद देईनासा होतो. औषध डासांना शिकवत नाही बरं का. ते फक्त निवड करते. १९५० चे दशक संपता संपता असे डास दिसू लागले होते. पुढे १९७३ साली आसामात क्लोरोक्वीनला न जुमानणारे हिवतापाचे जंतूही आढळले.

दुसरे कारण माणसांचे. रोग दिसेनासा झाला, तशी काळजी कमी झाली. डीडीटी वेळेवर पुरेसे मिळेना, घरभेटी चुकू लागल्या. शहरांकडे तर आधी लक्षच गेले नव्हते; त्यांच्यासाठी १९७१ साली वेगळी योजना करावी लागली. १९७७ साली सुधारित आराखडा आला आणि 'निर्मूलन' हा शब्द जरा बाजूला ठेवून पुन्हा कामाला लागावे लागले.

तिसरी गोष्ट डीडीटीच्या स्वभावाची. जो टिकाऊपणा भिंतीवर गुण होता, तोच शेतात आणि पाण्यात दोष ठरला. डीडीटी सहजी नष्ट होत नाही. ते किड्यांतून माशांत, माशांतून पक्ष्यांत साठत जाते. काही शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे त्यामुळे पातळ होऊन फुटू लागली. १९६२ साली रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने याकडे जगाचे लक्ष वेधले. भारतात १९८९ साली शेतीतल्या वापरावर बंदी आली. रोग पसरवणाऱ्या कीटकांपुरतीच सवलत राहिली. याच निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर हजारो पक्षी उतरतात. ते रामसर यादीतले महाराष्ट्राचे पहिले ठिकाण झाले. पाण्यात काय मिसळते, हा प्रश्न त्या पक्ष्यांच्याही जिवाचा आहे.

करून पाहा

पावसाळ्यात एका काचेच्या बरणीत डबक्यातले पाणी घ्या. तोंडाला पातळ फडके घट्ट बांधायला विसरू नका! अळ्या नीट पाहा. ॲनॉफेलीसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या तरंगतात. क्युलेक्सच्या आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबकळतात. आठवड्याभरात कोषातून डास निघतील. ॲनॉफेलीस बसताना मागचा भाग वर उचलून तिरका बसतो. क्युलेक्स पाठीत बाक काढून पृष्ठभागाला समांतर बसतो. निरीक्षण वहीत लिहा, चित्र काढा. मग फडके न सोडता बरणी तासभर कडक उन्हात ठेवा, आणि आतले डास मेल्यावरच पाणी कोरड्या जमिनीवर ओता.

या प्रयोगातून एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळला आणि घरातली सगळी भांडी रिकामी केली, तर एकही अळी डास होऊ शकत नाही. एडिसची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून भांड्याची आतली बाजू घासायलाच हवी. जे पाणी रिकामे करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडतात.

आज हिवतापाचे रोगी पुष्कळ कमी झाले आहेत. २०२३ साली देशात सरकारी नोंद सव्वादोन लाखांच्या आसपास होती. २०३० पर्यंत हिवताप देशातून घालवायचे उद्दिष्ट आहे. पण गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अजूनही तो माणसांना छळतो आहे. आणि १९६५ ते १९७६ या अकरा वर्षांत काय घडले, ते तुम्ही आत्ताच वाचलेत. 

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी आशाताई किंवा आरोग्य सेवक दाराशी येऊन "कोणाला ताप आहे का?" असे विचारतील, तेव्हा टाळाटाळ करू नका. खरे उत्तर द्या, पाण्याचे पिंप उघडून दाखवा, आणि जमल्यास त्यांना प्यायला पाणी विचारा. सत्तर वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांच्या दारावर तारीख लिहून गेलेल्या माणसाचेच काम ते पुढे चालवत आहेत.